कमी बजेटची फिल्म आणि सुरक्षित सेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकांकिका करून कॅमेऱ्याकडे वळलेली मुलं, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी शूट करणारी मंडळी, गावच्या जत्रेवर माहितीपट करायला निघालेले शिक्षक, असे बरेच जण फोन करून तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. सुरुवातीचे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत, पुढचे अवघड. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला तिथे क्रमांक दिला आहे. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं आहे.

१. आमच्याकडे चाळीस हजार रुपये आहेत. तेवढ्यात पंधरा मिनिटांची शॉर्ट फिल्म होईल का?

होईल, पण कथा त्या पैशांत बसणारी हवी. पहिला हिशेब जेवणाचा करा. बारा माणसं, तीन दिवस, आणि नाश्ता, दोन जेवणं, चहा मिळून माणशी रोज तीनशे रुपये म्हटले तरी १०,८०० रुपये तिथेच गेले. मग प्रवास, मग आवाज, मग लाइट आणि शेवटी कॅमेरा. बहुतेक जण उलट करतात. भारी लेन्स भाड्याने आणतात आणि युनिटला दोन दिवस वडापाववर ठेवतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तीननंतर कुणाचं डोकं चालत नाही, आणि पाय घसरणं, स्टँड कलंडणं हे सगळं नेमकं तेव्हाच होतं.

पैसे वाचवायचे ते लिहितानाच. रात्रीचा प्रसंग संध्याकाळचा करता येईल का? लग्नाचा मांडव न दाखवता नुसत्या सनईवर भागेल का? चार लोकेशनची दोन होतील का? लोकेशन बदलायचं म्हणजे सामान बांधणं, नेणं, पुन्हा लावणं, यात अर्धा दिवस निघून जातो. वायर, झोप, जेवण आणि गाडी या चार गोष्टींतून मात्र एक रुपयाही कापू नका. या पानावरचं बाकी सगळं त्याच चार गोष्टींभोवती फिरतं.

२. मोबाइलवर शूट केलं तर चालेल का?

चालेल. फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे हा आकडा चुकला की ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी पडद्यावर लुकलुकतात. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. उन्हात शटर १/५० वर ठेवायचं तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लागेल. साध्या कॅमेरा ॲपमध्ये फ्रेम रेट आपोआप कमीजास्त होतो आणि एडिटला बसल्यावर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. म्हणून स्थिर फ्रेम रेट देणारं ॲप घ्या.

३. आवाजाचं काय? नंतर डबिंग करून घेऊ का?

डबिंग स्वस्त वाटतं, पण स्टुडिओचं भाडं आणि नटांच्या पुन्हा जुळवायच्या तारखा यात लोकेशन साउंडपेक्षा जास्त पैसे जातात. शिवाय नवख्या नटाला तो भाव दुसऱ्यांदा सापडत नाही. एक बरा बूम माइक (लांब दांडीला लावलेला माइक) आणि एक रेकॉर्डर भाड्याने आणा. टेकच्या आधी पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरणार नाही. ज्यांनी घर दिलं त्यांचं दूध नासलं तर पुढच्या वेळी दार उघडत नाही. प्रत्येक जागेचा तीस सेकंदांचा रिकामा आवाज, म्हणजे रूम टोन, सगळ्यांना गप्प उभं करून घ्याच.

४. रेकीला, म्हणजे शूटच्या आधी जागा बघायला गेल्यावर, नेमकं काय बघायचं?

ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी जा. सकाळी शांत असलेली गल्ली संध्याकाळी सहाला क्लासच्या मुलांनी भरते. फ्रेम सगळेच बघतात, तुम्ही बाकीचं बघा. बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे? मोबाइलला रेंज आहे का? जवळचं ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर आहे, आणि तिथे सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन ठेवतात का? डोक्यावरून विजेची लाइन जाते का? कठडा नसलेली विहीर आहे का? वाड्याच्या माडीच्या फळ्या पंधरा माणसांचं वजन पेलतील का?

आणि वर बघा. किल्ल्यांच्या तटबंदीत, जुन्या वाड्यांच्या तुळयांना, वडाच्या फांद्यांना आग्या मोहोळ असतं. धूर, उग्र अत्तर किंवा ड्रोनचा घरघराट यामुळे ते उठतं, आणि एकदा उठलं की पळण्याशिवाय इलाज नसतो. मोहोळ दिसलं तर जागा बदला. ‘आपण हळू आवाजात करू’ असं म्हणू नका.

साप चावला तर त्या माणसाला चालवू नका, हातपाय स्थिर ठेवा, कापू नका, आवळून बांधू नका. १०८ ला फोन करा, किंवा गाडीत घालून थेट रुग्णालय गाठा.

५. रात्रभर शूट करून एक दिवस वाचवला तर?

भाड्याचा एक दिवस वाचतो, पण धोका दुप्पट होतो. आमचा एक सहायक दिग्दर्शक पहाटे साडेचारच्या पॅकअपनंतर दुचाकीवरून एकटाच पुण्याला निघाला. खंबाटकी ओलांडल्यावर त्याचा डोळा लागला. हेल्मेट होतं म्हणून वाचला, पण मनगट तीन ठिकाणी मोडलं. ती फिल्म दोन रात्रींत संपवायचा हट्ट माझा होता. रुग्णालयाच्या बाकावर त्याची आई शेजारी बसली होती. एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला अजून आठवतं.

तेव्हापासून आमचा नियम असा: पॅकअप ते पुढचा कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ) यात किमान अकरा तास, आणि रात्रीचं शूट असेल तर सगळ्यांनी लोकेशनवरच झोपायचं. शाळेची खोली, देवळाचा ओटा, काहीही चालतं. गाद्या भाड्याने मिळतात. ड्रायव्हरला शूटिंगच्या कामाला जुंपायचं नाही, त्याने झोपायचं. नवख्या युनिटने दिवसाला चार-पाच मिनिटांची फिल्म उरकली तरी खूप झालं.

६. परवानगी कुणाकुणाची घ्यायची? कॅमेरा तर छोटाच आहे.

कॅमेऱ्याच्या आकारावर काही नसतं, जागा कुणाच्या ताब्यात आहे त्यावर असतं. खाजगी घरासाठी मालकाचं सहीचं पत्र. गावात ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र, आणि पोलीस पाटलांना आधी भेटून सांगणं. शहरातल्या रस्त्यासाठी पालिका आणि स्थानिक पोलीस ठाणं, दोन्ही. एसटी स्टँडसाठी सुरुवात आगार व्यवस्थापकांपासून. राज्यातल्या सरकारी जागांसाठी गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीमार्फत एक खिडकी योजना आहे. गोव्यात हे काम एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवा बघते.

किल्ल्यांची गोष्ट वेगळी. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, बरेचसे दुसरे राज्य पुरातत्त्व विभागाकडे, तर काही किल्ल्यांची वाट वनखात्याच्या हद्दीतून जाते. म्हणजे एका फ्रेमसाठी दोन परवानग्या लागू शकतात. अर्ज महिनाभर आधी करा. मंजुरीची प्रत तीन जणांकडे कागदावर ठेवा, गडावर रेंज नसते. रेल्वे आणि ड्रोनचं वेगळं आहे, प्रश्न १७ आणि १६ बघा.

७. घरातल्या प्लगवर किती लाइट लावता येतात?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. खरं तर सगळ्यात आधी हाच विचारायला हवा.

साधा लहान प्लग पाच-सहा अँपिअरचा, गिझर किंवा एसीचा मोठा प्लग पंधरा-सोळाचा. लाइटचे वॉट भागिले २३० केलं की अँपिअर निघतात. हजार वॉटचा एक हॅलोजन सव्वाचार अँपिअरच्या वर घेतो. तसे दोन एका लहान प्लगवर लावले की पावणेनऊच्या आसपास, म्हणजे प्लगच्या ताकदीबाहेर. दोनशे वॉटचा एलईडी मात्र एक अँपिअरही घेत नाही. हॅलोजनचं भाडं स्वस्त म्हणून मोह होतो, पण जुन्या घरात एलईडीच घ्या.

आता घराची एकूण ताकद. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ किलोवॉटमध्ये छापलेला असतो. तो एक किलोवॉट असेल आणि तुम्ही तीन किलोवॉटचे लाइट लावणार असाल तर गणित तिथेच संपलं. जुन्या वाड्यात तर वायरिंगच चाळीस वर्षांचं असतं.

वाईजवळच्या एका वाड्यात आम्ही माजघराचा सीन करत होतो. एक्स्टेन्शनची वायर लांब होती, म्हणून कुणीतरी तिची गुंडाळी तशीच ठेवून वर सतरंजी टाकली होती, पायात येऊ नये म्हणून. चौथ्या टेकला बूम धरलेला मुलगा म्हणाला, काहीतरी करपतंय. आम्हाला वाटलं, स्वयंपाकघरात. सतरंजी उचलली तर खालच्या बाजूला बशीएवढा तपकिरी डाग पडला होता, वायरचे वेढे एकमेकांना चिकटले होते आणि बोर्डाची भोकं बिस्किटासारखी भाजली होती. पाच मिनिटं उशीर झाला असता तर त्या सागवानी माजघराचं काय झालं असतं, याचा विचार अजून करवत नाही. गुंडाळलेल्या वायरला उष्णता सोडायला जागा मिळत नाही. म्हणून वायर पूर्ण उलगडायची, झाकायची नाही, आणि रहदारीच्या जागी भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने बसवायची.

स्थानिक वायरमनला अर्धा दिवस बोलवा. अर्थिंग आहे का ते तो दहा मिनिटांत सांगतो. तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी असलेला डिस्ट्रिब्युशन बोर्ड भाड्याने मिळतो, तो आणा. करंट शरीरातून जायला लागला की तो क्षणात पुरवठा तोडतो. ओल्या अंगणात आणि मोरीजवळ त्याच्याशिवाय एकही लाइट लावू नका. नाहीतर तो सीन बॅटरीच्या लाइटवर करा.

८. शेतात वीज नाही. गावकरी म्हणतात, आकडा टाकून देतो. घ्यायची का?

नाही. ती वीजचोरी आहे, आणि कुणी प्रेमाने दिली म्हणून तिचा धक्का कमी बसत नाही. अशा जोडणीला ना फ्यूज, ना अर्थिंग. लहान जनरेटर किंवा बॅटरीवरचे एलईडी आणा. जनरेटर उघड्यावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. आवाज लपवायला तो गोठ्यात किंवा बंद खोलीत ठेवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही. इंधन भरताना इंजिन बंद आणि गार.

शेतावरून ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, लाइन जात असेल तर तिच्याखाली बूम, ॲल्युमिनियमची शिडी किंवा उंच लाइट स्टँड उभा करू नका. तारेला हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी ठिणगी झेप घेते.

९. मशालींचा सीन आहे. खऱ्या मशाली चालतील का?

चालतील, पण कमी आणि उघड्यावर. पेट्रोल कधीही नाही. मशालीतून जळते थेंब खाली ओघळतात, म्हणून धरणाऱ्याची बाही सुती आणि घट्ट हवी, आणि मशाल सरळ न धरता थोडी पुढे कलती. कापडपेठेतून स्वस्तात आणलेली नऊवारी बहुधा पॉलिस्टरची असते. ती जळताना वितळून कातडीला चिकटते. आग असलेल्या सीनमध्ये सगळ्यांचे कपडे सुती ठेवा. दोन बादल्या वाळू, भिजवलेली गोणपाटं आणि अग्निशामक नळकांडं जवळ असू द्या. त्यांच्यापाशी एक माणूस असा उभा करा, ज्याला दुसरं कुठलंही काम नाही.

बंद सेटवर आग नको, आणि लोबान-धुपाचा धूरही तासन्‌तास नको. फेब्रुवारी १९८९ मध्ये म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत एका मालिकेच्या सेटला आग लागून साठहून अधिक माणसं गेली. सेट लावून झाला की प्रत्येकाने बाहेर पडायच्या दोन्ही वाटा चालून बघायच्या. दुसरी वाट नसेल तर सेट तसा लावायचाच नाही.

१०. शूटिंग मे महिन्यात आहे. काय सांभाळायचं?

कॉल पहाटे साडेपाचचा, अकरा ते चार विश्रांती, मग संध्याकाळपर्यंत काम. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळा. सतत उन्हात उभे असतात ते नट नव्हेत, रिफ्लेक्टर धरलेली मुलं. त्यांना दर अर्ध्या तासाने बदला. कुणी बरळायला लागलं किंवा अंग तापून झोकांड्या जायला लागल्या, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. ‘जरा पडू दे त्याला’ एवढ्यावर सोडू नका.

वळवाचा पाऊस दुपारनंतर येतो आणि आभाळ सुंदर दिसतं, म्हणून कॅमेरामन हटत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीसपेक्षा कमी सेकंद गेले तर सगळं टाकून पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जायचं. झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

११. नायक नदीत उडी मारतो. तो चांगला पोहतो. करू का?

पोहता येणं आणि कपडे, बूट घालून, थकलेल्या अवस्थेत, दहाव्या टेकला पोहणं यात फार अंतर आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये बेंगळुरूजवळच्या जलाशयात एका कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून उडी मारलेले दोन नट बुडाले. त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. दोघंही तरुण आणि धडधाकट होते.

उडी एका शॉटमध्ये दाखवावी लागत नाही. काठावरून पाय सुटलेला शॉट जमिनीवर, खाली गादी टाकून घ्या. पाण्याचा उसळलेला शिंतोडा म्हणजे मोठा दगड. नायक पाण्यातून डोकं वर काढतो तो शॉट गुडघाभर पाण्यात बसवून. तीन तुकडे जोडले की पडद्यावर उडी दिसते. तरीही पाण्यात उतरणार असाल तर स्थानिक कोळी किंवा पट्टीच्या पोहणाऱ्यांपैकी दोघं फ्रेमच्या अगदी बाहेर, दोर आणि रिंग घेऊन, आणि पाण्यात नसलेल्या सगळ्यांनी काठावर.

धरणाच्या खालच्या पात्रात पाटबंधारे खात्याला विचारल्याशिवाय जाऊ नका, पाणी कधी सोडतील ते तिथेच कळतं. कोकणात भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल दुपारी कोरडा असलेला खडक उद्या त्याच वेळी कोरडा असेलच असं नाही. पावसाळ्यात समुद्रात पाय घालू नका.

आणि विहीर. वापरात नसलेल्या विहिरीत कुणालाही उतरवू नका, अगदी दोर बांधूनसुद्धा. तळाशी जड वायू साचतो. उतरलेला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला गेलेलाही पडतो. विहिरीचा शॉट काठावरून, आवाज घुमवून, बादलीच्या पाण्यातलं प्रतिबिंब घेऊन करता येतो.

१२. चालत्या दुचाकीवर संवाद हवे आहेत. मागच्या बाइकवर उलटं बसून शूट करतात ना?

करतात, आणि पडतात. गाडी चालवणाऱ्याने अभिनय करायचा नाही, हा नियम धरा. गाडी उभी ठेवा, कॅमेरा खालून लावा म्हणजे मागे आभाळ येईल, दोघं जण गाडी हलवतील, एक जण थर्माकोल फिरवून तोंडावरचा उजेड बदलत राहील. रात्रीच्या सीनला तर हे ओळखूही येत नाही. लांबून जाणाऱ्या गाडीचा शॉट हेल्मेट घालून घ्या. हेल्मेटमुळे चेहरा दिसत नाही ही तुमची सोयच आहे, चालवणारा दुसरा कुणी असला तरी कळत नाही.

१३. पिस्तूल आणि कोयत्याचा सीन रस्त्यावर करायचा आहे.

आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि शक्यतो एक हवालदार मागून घ्या. लांबून बघणाऱ्याला ते शूटिंग आहे हे कळत नाही. लोक घाबरतात, मारायला धावतात किंवा पोलिसांना फोन करतात. कोयता लाकडाचा किंवा रबराचा, रंगवलेला. धार काढून टाकलेला खरा कोयतासुद्धा चालत नाही, त्याचं वजन तसंच असतं.

पिस्तूल प्लास्टिकचंच. कुणाचं परवान्याचं हत्यार ‘रिकामं आहे’ म्हणून सेटवर येऊ देऊ नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सेटवर, धोका नाही असं सांगून हातात दिलेल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली आणि सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्स यांचा जीव गेला. नळीतून निघणारा जाळ एडिटमध्ये घालता येतो. सीन संपला की प्रॉप एकाच माणसाने गोळा करून पेटीत बंद करायचे, मोजून.

१४. माझ्याच भाच्याला घेतोय. लहान मुलांचे नियम आम्हाला लागू होतात का?

नातं आहे म्हणून सूट मिळत नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला घ्यायचं तर शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि शाळा बुडवायची नाही. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा.

कायद्यापलीकडे माझं एक सांगणं आहे. मुलाला रडवायला खरोखर घाबरवू नका. पाठमोरा शॉट आणि हुंदक्याचा आवाज पुरतो.

१५. आमच्या घरचा कुत्रा आणि शेजारची बैलजोडी आहे. त्यालाही परवानगी?

प्राण्याकडून सीनमध्ये काम करून घेणार असाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते. थिएटरला जायचं असेल तर त्यांचं प्रमाणपत्र नसल्यामुळे गाडी सेन्सॉरपाशी अडते (प्रश्न १९). अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना कामाला लावायला पूर्ण बंदी आहे. गारुड्याचा नाग तर आणूच नका, त्याला वन्यजीव कायदा लागतो.

१६. ड्रोन छोटा आहे, २४९ ग्रॅमचा. कुठेही उडवता येतो ना?

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो आणि त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण रेड झोनची बंदी त्यालाही आहे. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळाच्या नकाशावर जागा लाल, पिवळी की हिरवी ते बघा. अनेक ठिकाणी पोलिसांचे स्थानिक मनाई आदेश असतात, तेही विचारा. मोठा ड्रोन भाड्याने घेताना चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक मागा. माणसांच्या डोक्यावरून नेऊ नका. मोहोळाचं प्रश्न ४ मध्ये सांगितलं आहे.

१७. रुळांवर पाच मिनिटांचाच शॉट आहे. गाडीची वेळ पाहून पटकन घेऊ?

नाही. वेळापत्रकात मालगाडी नसते, आणि समोरून येणारी गाडी किती वेगात आहे हे डोळ्यांना कळत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात एका रेल्वे पुलावर रेल्वे कंपनीची परवानगी नसताना शूटिंग चालू होतं. गाडी आली आणि सॅरा जोन्स ही सत्तावीस वर्षांची कॅमेरा सहायक गेली. दिग्दर्शकाला तुरुंगात जावं लागलं.

आपल्याकडे विनापरवाना रुळांवर जाणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. परवानगी त्या त्या विभागीय रेल्वेकडून मिळते, शुल्क भरून. ‘गाडी बंद झालेला मार्ग आहे’ असं कुणी सांगितलं तरी जमीन रेल्वेचीच असते, विचारावं लागतंच. पैसे नसतील तर फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून घ्या. फाटक पडतं, घंटा वाजते, नायिकेच्या चेहऱ्यावरून डब्यांच्या सावल्या पळतात. सावल्या तुम्ही पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी पाडू शकता.

१८. तुकारामांचा अभंग वापरला तर कॉपीराइट लागतो का?

अभंगाच्या शब्दांवर कुणाचाही हक्क नाही. पण गाजलेल्या गायकाच्या आवाजातली ध्वनिमुद्रिका वापरलीत तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि लावलेल्या चालीचा हक्क, असे दोन प्रश्न उभे राहतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, गीतकार-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड जुनी होऊन मोकळी झाली तरी चाल अडलेली असू शकते. सीनमध्ये मागे रेडिओवर गाणं वाजत असेल तर तेही यातच आलं. गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत गाऊन घ्या, त्यांच्याकडून लेखी संमती घ्या, मानधन द्या, नावं टायटलमध्ये द्या. जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या आजींनाही हेच लागू.

१९. सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं का?

यूट्यूबला नाही. थिएटरला हो. तिकीट लावलं नाही म्हणजे प्रदर्शन सार्वजनिक नाही, असं होत नाही. महोत्सवांना सहसा केंद्राकडून सूट मिळते, ती आयोजकांनी घ्यायची असते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ (लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या) प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन गट झाले. सिगारेट ओढताना दाखवली तर इशारे जोडावे लागतात, म्हणून गरज नसेल तर पात्राच्या हातात चहाचा कप द्या.

२०. सगळे मित्रच आहेत, पैसे घेत नाहीत. मग कागदपत्रं कशाला? आणि अपघात झाला तर?

मैत्री टिकावी म्हणूनच कागद. एका पानावर लिहा: कोण काय करणार, किती दिवस, फिल्मला पैसे मिळाले तर कुणाला किती. प्रत्येक मित्राबरोबर वेगळा कागद, त्यावर त्याची आणि तुमची सही.

विम्याचं बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाखांचं संरक्षण आहे, वय १८ ते ७० आणि बँक खातं एवढंच लागतं. पण त्यात रुग्णालयाचा खर्च येत नाही. तेवढ्यासाठी बजेटमध्ये पाच हजार रुपये बाजूला ठेवा आणि त्यांना लेन्ससाठी हात लावू नका. सगळ्यांचे रक्तगट, ॲलर्जी आणि घरचे नंबर कॉल शीटच्या, म्हणजे सगळ्यांना वाटायच्या दिवसाच्या कामाच्या कागदाच्या, मागे लिहा.

२१. जवळिकीचा सीन आहे. मुलगी तयार आहे. आणखी काय?

तयारी संहिता वाचून दिलेली हवी, सेटवर ऐनवेळी विचारून घेतलेली नको. कुठे हात लागेल, काय दिसेल, हे आधी लिहून ठरवा आणि टेकमध्ये त्यापलीकडे जायचं नाही. सेटवर गरजेपुरती चार माणसं, त्यात एक तरी बाई, मॉनिटरभोवती गर्दी नाही. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे कॉल शीटवर लिहा.

२२. फुटेज किती जागा घेतं? एक हार्ड डिस्क पुरेल?

सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला साधारण ४५ जीबी. दोन डिस्क घ्या, दोन्हीवर कॉपी करा, फाइल उघडून बघा, मगच कार्ड पुसा. दोन्ही डिस्क एकाच गाडीतून नेऊ नका.

२३. नट स्वतःच म्हणतो, ‘मी करतो, मला सवय आहे.’ मग अडवायचं का?

अडवायचं. सेटवर ‘नको’ म्हणणं फार जड जातं. नवा मुलगा दिग्दर्शकासमोर मागे हटत नाही, मित्रासमोर तर नाहीच. म्हणून त्याच्या ‘हो’वर विसंबू नका. धोका असलेला शॉट आदल्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. चूक झाली तर काय होईल, कोण कुठे उभं असेल, गाडी कुठल्या दिशेला तोंड करून लावलेली असेल. यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर तो शॉट प्रश्न ११ मधल्या उडीसारखा तुकड्यांत करायचा.

आणि थांबवायचा हक्क प्रत्येकाला द्यायचा. वाड्यातल्या त्या सतरंजीपाशी टेक थांबवला तो बूम धरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने. तो त्याचा पहिलाच दिवस होता, बोलावं की नाही या विचारात आधीचे दोन टेक त्याने तसेच जाऊ दिले होते, हे त्याने मला नंतर सांगितलं. आता पहिल्या दिवशी, पहिल्या क्लॅपच्या आधी, आम्ही गोल करून उभे राहतो आणि स्पॉट दादांपासून लेखकापर्यंत प्रत्येक जण एकदा मोठ्या आवाजात म्हणतो, ‘थांबा!’